दर खेपेला एकशेछत्तीस

"हाण की आता! नाक धर, डोळं मीट आन् एका दमात हाण."

"आरं पर वास तर बग त्येचा. घोडं मुतल्यागत येतोय."

"तुला प्रेशर उतरवायचंय का अंगाला अत्तर लावायचंय, प्रेंटिस?"

पहाट फुटत होती. तिठ्यावरच्या पेट्रोलपंपाच्या दुकानात न्याहारीचे पाव घ्यायला थांबलेले पाच-सहा लाकूडगाडीवाले प्रेंटिसभोवती जमले होते. प्रेंटिसच्या एका हातात कागदी पेल्यात निम्मं व्हिनेगर, दुसऱ्या हातात काकडीच्या लोणच्याचं खारं पाणी. त्या दिवशी त्याची तपासणी होती. जड गाडी हाकणाऱ्याला दर दोन वर्षांनी डॉक्टरचं कार्ड लागतं, आणि ते अडतं बहुतेक रक्ताच्या प्रेशरवर. म्हणून हा काढा. अलाबामाच्या त्या काळ्या मातीच्या पट्ट्यात कुठल्याही काळ्या माणसाच्या घरात विचारा. रक्त चढलं की आंबट प्यायचं म्हणजे रक्त उतरतं, हे पोरगं चालायच्या आधी शिकतं.

"आन् तू रं रॉड? तुजी बी ह्याच म्हयन्यात हाय न्हवं?" प्रेंटिसनं पेला पुढं केला. "घे घोटभर."

"मला न्हाई लागत," रॉडरिक स्टॉलवर्थ म्हणाला. "माजं एकशेछत्तीस, खाली चौऱ्याऐंशी. दर खेपेला. दवाखान्यातल्या नर्सला, मिस व्हर्लीनला इचार."

"व्हय रं बाबा, तुला देवानं घोड्याचं काळीज दिलं. फकस्त मुताशय तेवढं कोंबडीचं दिलं. पाद्रीबुवा बायबल उघडतोय तवर हा उटून मागल्या दारानं बाहीर!"

दुकान हसलं. रॉडही हसला, कारण ते खरं होतं. आठवडाभर गाडीवर तीन-तीन तास न उतरता बसणारा हा गडी रविवारी चर्चमध्ये प्रवचन संपेपर्यंत दोनदा तरी उठायचा. हसता हसता त्याला खोकला आला. खोकला काही केल्या थांबेना, तसा तो पाव हातात घेऊन बाहेर पडला. गाडीच्या तीन पायऱ्या चढून केबिनमध्ये बसला आणि स्टिअरिंगचं चाक दोन्ही हातांनी धरून धापा टाकत राहिला. मैलभर पळत आल्यासारखा.

तो पस्तीस वर्षांचा होता.

ती निळी गाडी त्याच्या बापाची. बाप पाइनच्या रानातनं लाकूड भरायचा आणि नदीकाठच्या कागद कारखान्यात नेऊन ओतायचा. एका दुपारी कारखान्याच्या फाटकासमोरच्या रांगेत गाडी पुढं सरकेना, तेव्हा मागच्यानं हॉर्न मारला, मग शिव्या घातल्या, मग उतरून बघितलं. बाप चाकावर डोकं ठेवून गेलेला होता. इंजिन चालूच. एकेचाळीस वर्षांचा होता. लोक म्हणाले, हार्ट. त्या घराण्यात पुरुष असेच जातात, असंही म्हणाले आणि जेवायला बसले. रॉड तेव्हा एकविसाचा. बापाला मातीआड केल्याच्या चौथ्या दिवशी त्यानं तपासणी करून घेतली, मिस व्हर्लीननं पास केलं, आणि तो बापाच्या जागेवर जाऊन बसला.

त्यानंतर चौदा वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. पहाटे चारला उठावं, तीन-चार खेपा माराव्यात, संध्याकाळी गाडीला ग्रीस द्यावं. बायको ट्वायला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. आई अर्नेस्टीन शेजारच्याच घरात. रविवारी सकाळी चर्चला जायच्या आधी न्याहारी आईकडं, हा नेम. मक्याच्या कण्या, तळलेला मासा आणि बर्फ घातलेला गोड चहा. एखाद्या रविवारी गेला नाही तर म्हातारी चहाचा पेला हातात घेऊन त्याच्या दारात येऊन उभी राहायची. "पी," म्हणायची, "मग कुटं बी जा."

त्या हिवाळ्यात त्याच्या पायात बूट शिरेनात. आधी त्याला वाटलं बूट आखडले. मग उशी एकाची दोन झाली, दोनाची तीन, आणि शेवटी तो आरामखुर्चीतच झोपायला लागला. आडवा झाला की छातीवर कुणीतरी बसायचं. ट्वायला म्हणायची, डॉक्टरकडं चल. तो म्हणायचा, गेल्या खेपेलाच तपासलंय की, एकशेछत्तीस.

त्याला शेवटी नेलं ते ट्रॅव्हिसनं. ट्रॅव्हिस गोरा, त्याच्याच वयाचा, त्याच ठेकेदाराकडं गाडी लावलेला. दोघं कारखान्याच्या रांगेत एकामागं एक असले की एकाच पिशवीतल्या उकडलेल्या शेंगा खायचे आणि टरफलं एकमेकांच्या गाडीखाली टाकायचे. रोज दहाच्या ठोक्याला ट्रॅव्हिस खिशातनं एक डबी काढायचा आणि एक गोळी तोंडात टाकायचा.

"आला बग म्हातारा," रॉड चिडवायचा. "दात बी काडून ठेव की डबीत."

"हास, हास. सव्वीसचा हुतो तवा आमच्या डॉक्टरनं धरलं. आज्जापास्नंचा डॉक्टर. म्हनला, पोरा, ही एक गोळी मरस्तवर. मी म्हनलं, कार्ड जाईल का? तो म्हनला, गोळी खाल्लीस तर न्हाई जानार. झालं."

जानेवारीतल्या एका सकाळी ट्रॅव्हिसनं शेंगा पुढं केल्या, तर रॉडला हात उचलेना. ओठ राखेसारखे झाले होते.

"उतर," ट्रॅव्हिस म्हणाला.

"रांग जाईल."

"रांगेच्या आयला! उतर म्हनतोय न्हवं? तुजा बाप ह्याच रांगेत गेला ना? उतर."

माँटगमरीच्या मोठ्या दवाखान्यात चार दिवसांत त्याच्या अंगातनं नऊ किलो पाणी काढलं. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाई त्याच्या खाटेवर येऊन बसल्या. मॅक्सीन टोल्बर्ट त्यांचं नाव. आपल्यातल्याच, काळ्या, पण बर्मिंगहॅमच्या, शिकलेल्या घरातल्या. त्यांनी पडद्यावर त्याचं काळीज दाखवलं. राखाडी, फुगलेलं, चिखलात रुतलेल्या गाडीच्या चाकासारखं जागच्या जागी हलणारं.

"साधारण माणसाच्या हृदयाचा जो जोर असतो, त्याच्या निम्म्याहून कमी राहिलाय तुमचा," त्या म्हणाल्या. "आधी भिंत जाड झाली, मग ताणली. हे महिन्या-दोन महिन्यांचं काम नाही. प्रेशर दहा-बारा वर्षं तरी चढलेलं असणार. कुणी कधी बोललं नाही?"

"माजं प्रेशर चढतच न्हाई," रॉड म्हणाला. "ट्वायला, त्या गाडीच्या फायलीतलं कागद दे बरं बाईंना."

ट्वायलानं कागद दिले. प्रत्येक तपासणीची नक्कल त्यानं जपून ठेवली होती. सात कागद. डॉक्टरीणबाईंनी ते पत्ते मांडावेत तसे त्याच्या पांघरुणावर एका ओळीत मांडले आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेल्या.

"हे कोणी लिहिलं?"

"मिस व्हर्लीननं. चाळीस वर्सं झाली तिला दवाखान्यात. लई भारी हात हाय तिचा."

"रॉडरिक, मी आत्ता तुमचं प्रेशर घेतलं आणि पाच मिनिटांनी परत घेतलं, तर आकडा बदलेल. कुणाचाही बदलतो. इथं चौदा वर्षं, सात वेळा, एकशेछत्तीसवर चौऱ्याऐंशी. कार्डाची हद्द एकशेचाळीस आहे. हद्दीच्या जरासा आत."

रॉडनं कागदांकडं बघितलं. अक्षर तेच, गोल, नीट. तीनाचा आकडा काढताना शेपूट आत वळवलेली. त्याला तिचं अक्षर आवडायचं.

"म्हंजी तुमी म्हनताय..."

"मी काही म्हणत नाही. त्या बाईंना तुम्ही विचारा."

त्यानं शेवटच्या कागदावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "आमच्याकडं समदी अशीच जात्यात. माजा बाप, चुलता. रगतातच हाय का काय आमच्या?"

"रक्तात असतं तर मला सोपं झालं असतं," बाई म्हणाल्या. "या खोलीत पन्नाशीच्या आतले, थकलेल्या हृदयाचे जे येतात ते बहुतेक आपलेच. गोऱ्यांना हाच रोग होतो, पण साधारण सत्तरीत. मधली वीस-तीस वर्षं कुठं गेली? विशी-पंचविशीत प्रेशर चढतं, दुखत काहीच नाही, म्हणून कुणी बघत नाही. बघितलं तरी गोळी मिळत नाही. मिळाली तरी कुणी सांगत नाही की रोज घ्यायची. आणि तुमच्या बाबतीत," त्यांनी कागद गोळा केले, "कुणीतरी बघितलं होतं."

"गाडी कवा हाकता येईल?"

"जड गाडी नाही. आता नाही."

"पयल्यांदाच खरं लिव्हलं असतं तर बी गाडी गेलीच असती न्हवं?"

"किती होतं त्यावर आहे. एकशेसाठच्या आत असतं तर दोनऐवजी एका वर्षाचं कार्ड मिळालं असतं. आणि एक गोळी. एवढंच."

ट्रॅव्हिसची डबी. रॉडनं भिंतीकडं तोंड केलं.

मिस व्हर्लीन एजी हिला गाव ओळखायचं ते दोन कपड्यांत. दवाखान्यात निळ्या, चर्चमध्ये पांढऱ्या. दवाखान्याचे डॉक्टर बाहेरगावचे, आठवड्यातनं दोनदा यायचे आणि तिनं भरलेल्या कागदांवर सह्या ठोकून दुपारच्या आत परत जायचे. त्यामुळं खरा दवाखाना म्हणजे तीच. रविवारी पांढरा झगा, पांढरे मोजे, पांढरी टोपी घालून ती चर्चची नर्स म्हणून भिंतीला लागून उभी राहायची. कुणाच्या अंगात आलं, कुणी भुईवर कोसळलं, की तिनं धावायचं, झगा सावरून मांडीवर डोकं घ्यायचं आणि पंख्यानं वारा घालायचा. रॉडच्या जन्माच्या वेळी ती खोलीत होती. बापाला कबरीत उतरवताना आईला मागनं धरून तीच उभी होती.

रॉड तिच्या घरी गेला तेव्हा ती उद्याच्या रविवारसाठी झग्याला इस्त्री करत होती.

"ये बाळा, ये. कवा सोडलं तुला? सूज लई उतरली की पायाची."

रॉडनं सातही कागद इस्त्रीच्या फळीवर, झग्यावरच ठेवले.

"वाचा, मिस व्हर्लीन."

"चष्मा न्हाई रं हाताशी."

"डोक्यावर हाय."

तिनं चष्मा खाली ओढला. वाचला नाही. इस्त्री उभी केली आणि तिची वायर काढली, सावकाश.

"खरं किती हुतं?"

"आता कुटं आटवनार, बाळा. इतकी वर्सं..."

"चर्चमधल्या समद्या पोरांच्या जन्मतारखा तुमाला पाट हायेत."

ती खुर्चीत बसली. सदुसष्ट वर्षांची बाई, आज पहिल्यांदा म्हातारी दिसली. "पयल्यांदा एकशेअठ्ठावन हुतं. तवा तू एकवीसचा. मंग चडत गेलं. मागल्या खेपेला एकशेशहाऐंशी."

"आन् मला सांगितलं एकशेछत्तीस."

"कागदावर लिव्हलं, बाळा. कार्डापायी."

"तोंडावर सांगितलंस! पट्टा सोडताना दंडावर थाप मारलीस आन् म्हनलीस, 'एकशेछत्तीस, जा पोरा, खुशाल जा.' कागदाचं मला काय करायचंय? कागदावर हज्जार खोटं लिव्ह. सरकारला गंडीव. मी बी तुज्यासंगं हासलो असतो. पर मला, व्हर्लीन?"

'मिस' हा मानाचा शब्द गळून पडला होता. त्या गावात असं तिला तिच्या नवऱ्यानंतर कुणी हाक मारली नव्हती. तिच्याही ते ध्यानात आलं. तिनं झग्याची घडी केली आणि परत मोडली.

"तुजा बाप गेला त्येच्या दुसऱ्या दिशी अर्नेस्टीन आली हुती. हितंच बसली. म्हनली, ट्रक दारात हुबा ऱ्हायला तर आमी खायाचं काय? पोराला पास कर. तपासल्यावर मी तिला सांगितलं, चडलंय गं त्येचं. ती म्हनली, त्येला बोलू नगंस, बापावानी भ्यूनच मरंल."

"ममाला म्हाईत हुतं?"

"तिला न्हाई तर कुनाला म्हाईत असनार?"

रॉड भिंतीला टेकला. ती बोलत राहिली. थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही अशी बोलत राहिली.

"माजा नवरा गिरनीत हुता. तवा नर्सनं त्येचं खरं लिव्हलं. गोळी न्हाई दिली, डॉक्टर न्हाई दावला, नुसता फाटकाचा रस्ता दावला. आठ म्हयन्यांत गेला तो. मी तवाच मनाशी ठरीवलं, माज्या हातानं आपल्या एका बी पोराच्या पोटावर पाय पडायचा न्हाई."

"ट्रॅव्हिसला सव्वीसाव्या वर्सी धरलं. त्येच्या पोटावर पाय पडला?"

"ट्रॅव्हिस गोरा हाय."

"म्हनूनच! त्येला खरं सांगनारं कुनीतरी हुतं. मला आपलं मानूस भेटलं." त्यानं कागद उचलले. "किती जनांचं असं लिव्हलंस?"

"लई."

"किती?"

"पस्तीस. चाळीस. समदी आपलीच, बाळा. समदी लेकरावानी."

बाहेर गाडीत ट्वायला बसली होती. त्यानं दार लावलं आणि विचारलं, "तुला म्हाईत हुतं?"

"काय?"

"म्हाईत हुतं का न्हाई?"

"न्हाई. देवाशप्पत न्हाई."

त्यानं तिच्याकडं बघितलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला तिच्या चेहऱ्यावरनं काही कळेना. तिला ते दिसलं आणि तिचे डोळे भरून आले, पण त्यानं गाडी चालू कर म्हणून हातानं खूण केली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईच्या टेबलावर कण्या वाफाळत होत्या. चहाचा पेला त्याच्या जागेवर मांडलेला. म्हातारी चुलीकडं तोंड करून मासा परतत होती. व्हर्लीनचा फोन तिला रात्रीच आला असणार, कारण तो काही बोलायच्या आत ती म्हणाली,

"मी काय हातावर हात ठिवून न्हाई बसले."

"म्हंजी?"

"म्हंजी, मी तुला तसंच न्हाई सोडलं. मला म्हाईत हुतं तुजं चडलंय. माजं बी चडतं. दर ऐतवारी माजी पान्याची गोळी, लघवी करवती ती, अर्दी मोडून कुटायची आन् तुज्या चहात घालायची. साखर जास्त टाकायची म्हंजी कडू लागू ने."

रॉडनं पेल्याकडं बघितलं. बर्फ हलला.

चौदा वर्षं. पाद्रीबुवानं बायबल उघडलं की त्याला लघवीची कळ यायची. रांगेतनं गुडघे चुकवत, टोप्या सांभाळत बसलेल्या बायांच्या पुढनं मान खाली घालून जायचं. सगळं चर्च गालात हसायचं. भिंतीशी उभी असलेली पांढऱ्या झग्यातली बाई दार उघडून धरायची. आणि पहिल्या बाकावर बसलेली आई मागं वळून बघायची नाही. त्याला वाटायचं तिला लाज वाटते. ती मोजत असणार, किती वेळा उठला ते.

"आठवड्यातनं एकदा अर्दी गोळी," तो म्हणाला. "समोर ठिवून म्हनली असतीस, रॉड, ही रोज खा, तर मी खाल्ली नसती का?"

"भ्याला असतास."

"ममा, मी भ्यालोच न्हाई कवा, त्येच तर झालं."

म्हातारीनं मासा ताटात वाढला. तिनं नवरा पुरला होता, दीर पुरला होता, आणि पोरगा समोर जिवंत बसलेला होता. तिच्या हिशेबी ती जिंकलेली होती. रॉडनं उठून चहा मोरीत ओतला. तिनं ते बघितलं आणि खाली वाकून चुलीवरचं तेल पुसायला लागली.

आईच्या हातचं खायचं त्यानं सोडलं नाही. पण त्यानंतर ती ताट पुढं ठेवायची तेव्हा तो दरवेळी विचारायचा, "ह्यात काय घातलंयस?" पहिल्यांदा ती म्हणाली, मीठ. डॉक्टरनं मीठ बंद केलेलं होतं. त्यानंतर तिनं उत्तर द्यायचं सोडलं, आणि मीठ घालायचंही.

आठवड्यानं व्हर्लीन त्याच्या ओसरीवर आली. हातात प्रेशरचं यंत्र. म्हणाली, निदान तुजं मोजत जाईन रोज, पैसं न्हाई, काई न्हाई. रॉडनं दुकानातनं स्वतःचं आणलेलं यंत्र दाखवलं. त्याच्यावर आकडे मोठे दिसत, आणि ते कुणाची गय करत नव्हतं.

"तू सांगनार हायस का कुनाला?" तिनं विचारलं. "सांगितलंस तर माजं लायसन जाईल. जाऊ दे, म्हातारी झाले. पर त्या चाळीस जनांची कार्डं बी जात्याल. एका दिसात. इचार कर."

त्यानं विचार केलेलाच होता. रात्री आरामखुर्चीत बसून दुसरं काम काय होतं?

"मी सरकारला न्हाई सांगनार," तो म्हणाला. "तू सांगायचं. ज्येचं त्येला. फोनवर न्हाई. दारात जायाचं, म्होरं हुबं ऱ्हायाचं आन् खरा आकडा तोंडानं बोलायचा. चाळीसच्या चाळीस. ईस्टरच्या आत. ईस्टर झाल्यावर जी ऱ्हायली त्येंच्याकडं मी जाईन आन् मंग खोटं कुनी सांगितलं ते बी सांगीन."

"लोक मला दगडं मारत्याल, रॉडरिक."

"मला बी तुला मारायची हुती. मी मारली न्हाईत."

ती पायऱ्या उतरली. चौथ्या पायरीवर तिचा तोल गेला, तेव्हा तो नकळत अर्धा उठला आणि परत बसला.

मे महिन्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला बैठं काम करायला मोकळीक दिली. रोज सहा गोळ्या, सकाळी वजन, पाण्यावर माप. ठेकेदारानं त्याला रानातल्या उचल-यंत्रावर बसवलं. उंच केबिनमध्ये बसायचं, दांडे हलवायचे, लोखंडी पंजानं ओंडके उचलून गाड्यांवर रचायचे. निळी गाडी आता ट्रॅव्हिस हाकत होता. स्वतःची विकून टाकून त्यानं तीच भाड्यानं घेतली होती, आणि दारावरचं स्टॉलवर्थ हे नाव त्यानं पुसलं नव्हतं. रॉड रोज स्वतःच्या गाडीवर स्वतः लाकूड भरायचा आणि ती रस्त्याला लागलेली बघायचा.

ईस्टर उलटून तीन आठवडे झाले होते; व्हर्लीनची सगळी दारं झाली नव्हती, पण ती फिरत होती म्हणून रॉड थांबला होता. दहाच्या सुमारास धुरळा उडवत एक जुनी मोटार रानात शिरली आणि तिच्यातनं प्रेंटिस उतरला. लाकूडगाडीशिवायचा प्रेंटिस कुणी बघितला नव्हता.

"खाली उतर!" तो ओरडला. "उतर म्हनतोय! दोस्त म्हनवतोस व्हय माजा?"

रॉडनं यंत्र बंद केलं आणि खाली आला.

"काल व्हर्लीन माज्या सोप्यावर आली. पांढरा झगा घालून. मला वाटलं, कोन मेलं आता. बायको म्होरं बसल्याली, पोरं बसल्याली. आन् ती म्हनली, प्रेंटिस, तुजं एकशेचौऱ्यान्नव हाय. मागल्या चार खेपा मी खोटं लिव्हलं. आसं! तोंडावर! बायकोनं ट्रकची चावी झग्यात घातली. सेल्मा गावाला नेलं मला. तिथला डॉक्टर म्हनला, गोळ्या खा, उतरंस्तवर गाडीला हात लावायचा न्हाई."

"गोळ्या दिल्या?"

"दिल्या की! मूठभर!"

"कवापास्नं खातोस?"

"आज सकाळपास्नं. त्येचं काय मदीच? आरं, माजी गाडी दारात हुबी हाय! हप्ता कोन भरल, तू? व्हिनेगर पिऊन मी ब्येस हुतो. मला म्हाईत नव्हतं तवर मी ब्येस हुतो, रॉड."

"मी बी हुतो."

प्रेंटिसनं थुंकायला तोंड वळवलं आणि थुंकला नाही. चाळिशीला टेकलेला आडदांड गडी, पण कपाळावरची शीर बोटाएवढी उभी राहिली होती.

"तिनं तुला फसीवलं, त्येचा राग तू आमच्यावर काडलास," तो म्हणाला. "तुजी गाडी गेली म्हनून समद्यांची घालीवलीस. तीन जनं घरी बसलीत आतापस्तोर. ती तुज्या नावानं खडं फोडत्यात दुकानात. येऊ नगंस तिथं."

तसं नाही असं रॉडला छातीठोकपणे म्हणता येईना. व्हर्लीनला ती अट घालताना त्याच्या मनात त्या चाळीस जणांची काळजी किती होती आणि तिला दारोदार खाली मान घालून फिरताना बघायची हौस किती होती, याचा त्यानं कधी शोध घेतला नव्हता. घ्यायची इच्छाही नव्हती.

"गोळ्या मोडून खाऊ नगंस," तो एवढंच म्हणाला. "अख्ख्या खा. रोज. आन् लोनच्याचं पानी बंद कर, निस्तं मीठ हाय ते."

"तुज्या आयला तुज्या!" प्रेंटिस म्हणाला आणि मोटारीत जाऊन बसला. दार दोनदा आपटावं लागलं, पहिल्यांदा लागलं नाही.

मागं निळी गाडी येऊन यंत्राखाली लागली होती. ट्रॅव्हिसनं काचेतनं मान बाहेर काढली. त्यानं सगळं ऐकलं होतं, पण तो त्यातलं काही बोलला नाही.

"लाकूड टाकतोस का भजन करायचंय? कारखान्यात अकरा गाड्या म्होरं हायेत."

रॉड वर चढून बसला. घड्याळात बघितलं, दहाची गोळी तोंडात टाकली, बाटलीतनं मोजून दोन घोट पाणी प्यायला. मग त्यानं दांडा ओढला, पंजा ढिगाऱ्यावर नेला, तीन जाड ओंडके एका वेळी धरले आणि बापाच्या गाडीवर बुंध्याकडनं नीट लावून ठेवले. चौथा आखूड निघाला. तो त्यानं बाजूला टाकला आणि दुसरा उचलायला पंजा वळवला.